अक्कांनी राखलेलं गवत

रविवारी सकाळी मी भरताची वांगी भाजत होते. डोंगरावर न्यायची होती. तेवढ्यात शेजारच्या अक्कांच्या मुलाचा फोन, "मावशी, आई गेली..." गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नाही. देवपुरातला आमचा बोळ मी अनवाणीच ओलांडला. आदल्या संध्याकाळी याच बाई गच्चीवरून मला बजावत होत्या, भरतात मिरची कमी घाल म्हणून.

महिना होत आला, पण हातात काही टिकत नाही. दूध उतू जातं, दाराशी जाते आणि कशाला आले ते विसरते. हिवाळ्यातले आमचे रविवार शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जायचे. वणवा अंजनाच्या रोपांपर्यंत पोचू नये म्हणून टेकडीभोवतीचं गवत कापून रुंद पट्टा मोकळा करायचा, त्याला जाळरेषा म्हणतात. अक्का शाळेतून निवृत्त झाल्या आणि या नादाला लागल्या. मलाही त्यांनीच ओढलं. "घरात बसून गुडघे दुखतात ना तुझे? चल, तिथं दुखू दे," म्हणाल्या.

दर रविवारी निघताना त्या थोडं गवत मुद्दाम राखायच्या. माझा जीव खालीवर व्हायचा, मला अर्धं काम बघवत नाही. "अक्का, पाच मिनिटांचं तर आहे." त्या विळा पुसत अहिराणीत म्हणायच्या, "बठ्ठं काम सरी गयं ना, मंग मानूस परत येस नही." काम संपलं की माणूस फिरकत नाही म्हणे! हट्टी बाई. पण पुढच्या रविवारी आमच्या टेम्पोतले सगळे खरंच परत यायचे. हंगाम संपताना तो शेवटचा तुकडा त्या स्वतः कापायच्या.

यंदा तो राहिला. मागच्या रविवारी आम्ही गेलो, तेवढा सोडून सगळी रेषा पुरी केली. पाड्यावरचे बारकूभाऊ म्हणाले, "तो अक्काना तुकडा शे, ताई. ऱ्हाऊ द्या." कुणीतरी त्यावर झेंडूची फुलंही वाहिली. मला संतापच आला. गवत वाळून पिवळं पडलेलं, आग आत शिरायला तेवढी वाट पुरे. अक्कांची आठवण म्हणून अक्कांचीच रोपं जाळायची का? असं बोलले आणि मलाच रडू फुटलं.

त्यांचा विळा मुलानं मला दिला होता. मुठीला त्यांच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली... फुलं बाजूला ठेवली आणि कापायला बसले. थोड्या वेळानं बारकूभाऊही शेजारी येऊन बसले. पट्टा मोकळा झाला. आता इथं परत यायला काही कारण उरलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

बाकीचे टेम्पोकडे निघाले. मी पलीकडच्या टेकडीवर चढले. तिथं अजून कुणी विळा लावला नव्हता. थोडं गवत कापलं, बाकीचं तसंच सोडलं आणि खाली उतरले.

विळा आता स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलाय. येता-जाता त्या चिंधीला हात लागतो. तिकडे काम अर्धं पडलंय, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. रविवारी जावंच लागेल.