संध्याकाळी खाली पडणारा ग्राफ

मिलिंद गेला हे मला ऑफिसच्या ग्रुपवरून कळलं. आधी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली, मधेच कुणीतरी ‘हर्सूलची लाइन बंद आहे का’ असं विचारलं, त्याला ‘बघतो’ असं उत्तर आलं, आणि पुन्हा जोडलेले हात. मी वर सरकत गेले तेव्हा कुठं नाव सापडलं. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... मला रडू आलं नाही. शिसारी आली. त्या हातांची आणि त्या ‘बघतो’ची. इतके आठवडे झाले तरी ती गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमची कंपनी घरोघर इंटरनेट पुरवते. मी तक्रारींच्या फोनवर बसते, मिलिंद नेटवर्क सांभाळायचा. मूळचा सोयगावकडचा, इंजिनिअरिंगला शहरात आला आणि पुंडलिकनगरात घर करून राहिला. गेलेल्या माणसाला सगळे गोड म्हणतात, पण हा गोड वगैरे मुळीच नव्हता. चहावर साय धरली की कप सरकवून द्यायचा. कुणी कीबोर्डवर भजी खाल्ली की दिवसभर त्या माणसाशी बोलायचा नाही. आणि चुकीच्या आकड्याला तो चूक म्हणायचा नाही, घाण म्हणायचा. “ताई, इकडं या, बघा. लई घाण हाय.” मग मी हातातला फोन ठेवून जायची.

त्याची ही घाण म्हणजे भिंतीवरच्या पडद्यावरचे ग्राफ. कुठल्या लाइनीतून किती डेटा वाहतोय ते दाखवणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे. फुकटचं, आणि कुणीही उघडून आतलं बघावं, दुरुस्त करावं असं. साहेबांना त्यातलं फुकट तेवढं आवडायचं, मिलिंदला उघडून बघणं. तर पुंडलिकनगरच्या लाइनीचा ग्राफ दुपारभर चढत जायचा आणि संध्याकाळी, अख्खी वस्ती मॅच लावून बसायची नेमकी त्याच वेळी, धपकन खाली यायचा. लोक मला फोनवर शिव्या द्यायचे की चित्र हलत नाही. साहेब पडद्याकडं बोट दाखवायचे की लाइन तर निम्मी रिकामी आहे, सांगा त्यांना, तुमचाच मोबाइल जुना असेल.

मिलिंदची पद्धत ठरलेली होती. चित्राकडं तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी राउटरलाच विचारायचा की तुझा आकडा काय, मग सॉफ्टवेअरनं तो उचलला का, मग तो फाइलीत उतरला का. आणि हे सगळं करायच्या आधी स्वतः त्या लाइनीतून एक मोठी फाइल ओढायचा, जिचं माप त्याला ठाऊक असायचं. “आपण नळ सोडायचा, मग मीटर बघायचं. मीटर हललं नाय तर मीटर घाण.” एका संध्याकाळी, गर्दी चढायच्या वेळेला, त्यानं अशीच फाइल ओढली आणि ग्राफ वर जायचं सोडून खाली बसला. मिलिंदनं तोंडात खवट दाणा आल्यासारखा चेहरा केला. राउटरमधला मोजणीचा आकडाच लहान होता. जुन्या स्कूटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा तो भरला की पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळानं येऊन तो वाचून जातं, आणि संध्याकाळच्या गर्दीत दोन वाचनांच्या मधे आकडा अख्खी एक फेरी मारून पुढं गेलेला असायचा. ती फेरी कुणाच्या लक्षातच यायची नाही, म्हणून भरलेली लाइन ग्राफवर रिकामी दिसायची. त्याच राउटरात लवकर न भरणारा मोठा आकडाही होता, ग्राफ त्याला जोडायचा एवढंच काम. मिलिंदनं ते केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ चढली, चढली आणि वर जाऊन सपाट झाली. लाइन तुडुंब भरलेली होती.

साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, “मिलिंद, पहिल्यासारखं कर.”

“पहिलं घाण होतं सर.”

“दिसायला छान होतं ना? ग्राहकांना तेच दाखवायचंय.”

मिलिंदनं तोंडावर नाही म्हणून सांगितलं. मग साहेबांनी त्याचा पासवर्ड काढून घेतला, दुसऱ्या कुणाकडून जुना आकडा परत जोडून घेतला, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला खांबांवरच्या केबली तपासायला धाडलं. तो मात्र रोज घरी जाताना पडद्यासमोर थांबायचा, ती पडलेली रेघ बघून तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, “चला ताई, घाण बघून झाली. निघतो.”

पुण्यानुमोदनाला त्याच्या घरासमोर मांडव होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग माणसं एकेक करून आठवणी सांगायला उठली. साहेब कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते. माइक धरून त्यांनी सांगितलं की मिलिंदनं आमची लाइन कधी भरू दिली नाही, आणि हा त्याच्या कष्टाचा पुरावा. असं म्हणून त्यांनी काचेची मोठी फ्रेम सुजाताच्या, म्हणजे मिलिंदच्या बायकोच्या हातात दिली. आत तोच ग्राफ. संध्याकाळी खाली पडणारा... आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत मिलिंदचं नाव. लोकांनी माना डोलावल्या. मी उठून मांडवाबाहेर गेले आणि नालीच्या कडेला उभी राहिले.

त्या गल्लीतले सगळे आमचेच ग्राहक. त्यांचं नेट आजही संध्याकाळी बसतं. फ्रेम त्यांनी बघितली होती, नावही वाचलं होतं. थोड्याच दिवसांत मिलिंदच्या शेजारच्या काकांचा तक्रारीचा फोन आला. म्हणाले, “म्हणजे आमचा मिलिंदच आम्हाला येड्यात काढत व्हता म्हणा की. लाइन मोकळी हाय म्हणून त्यानंच दाखवलं ना?” जिवंत असताना ज्या घाणीला त्यानं बोट लावलं नाही, ती मेल्यावर त्याच्या नावावर टाकली. माणसाचं नाव म्हणजे काय पोतेरं आहे, की कुणीही उचलून आपली फरशी पुसावी?

मी त्याच संध्याकाळी सुजाताकडं गेले. भिंतीवर मिलिंदचा फोटो, त्याला हार. फ्रेम कुठं दिसत नव्हती. तिनंच विचारलं, “ताई, त्या फ्रेममधला ग्राफ, संध्याकाळी खाली पडतो तो हाच ना? घरी आले की रोज त्याच्याच नावानं खडे फोडायचे.”

मी व्हय म्हटलं. ती वाकली आणि पलंगाखालून फ्रेम ओढून काढली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

“सगळ्यांसमोर दिली म्हणून घेतली. मला माझ्या घरात घाण नको. जिथली तिथं घेऊन जा.”

फ्रेम आता माझ्या टेबलावर आहे, तक्रार घेऊन येणाऱ्याला समोरच दिसेल अशी. साहेबांना वाटतं मी श्रद्धेनं ठेवली आहे. हे छापून आल्यावर त्यांना कळेल, आणि मग टेबल राहील की नाही ते बघू. काल संध्याकाळी ते शेजारचे काका स्वतःच ऑफिसात आले. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. सुजाताला फोन लावला आणि म्हटलं, सोड नळ. तिनं घरून मोठी फाइल ओढायला घेतली. आम्ही दोघं बघत बसलो... थोड्या वेळानं पुंडलिकनगरची रेघ खाली आली.

काका म्हणाले, “नळ सोडला अन् मीटर उलटं?”

“मिलिंद हेच सांगत होता,” मी म्हटलं. “म्हणून त्याला खांबावर चढवलं.”

काकांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा फ्रेमकडं. मग तोंड वाकडं करून, अगदी त्याच्यासारखंच म्हणाले, “लई घाण हाय.”