बदलाची चिठ्ठी

"जरा डावीकडं." दुकानात पाऊल टाकलं की सर पहिल्यांदा हेच म्हणायचे. समोरच्याचं कोपर दोन बोटांनी धरायचे आणि त्याला अर्धं पाऊल सरकवायचे. उजेड तोंडावर आला की म्हणायचे, "हां, आता बोला." झेरॉक्स काढायला आलेली अनोळखी माणसंसुद्धा मुकाट सरकायची. एका पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेत सरांनी खांदेकऱ्यांना डावीकडं घेतलं आणि चौघंही तिरडीसकट सरकले, असं क्रांती चौकात अजून सांगतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "झूठ आहे बेटा. तिघंच सरकले."

धंदा सुटतो पण हात तसाच राहतो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर आधी लग्नाचे फोटो काढायचे. मग एका दैनिकात फोटोग्राफर झाले, तिथंच बातमीदार झाले, आणि पन्नाशी आली तशी नोकरी सोडून रहस्यकथा लिहायला लागले. पुस्तकं पातळ. मुखपृष्ठावर पिस्तूल नाहीतर बाई, बहुतेक वेळा दोन्ही. वाचक म्हणजे वॉचमन, कंडक्टर आणि दवाखान्यात पेशंटजवळ बसलेली माणसं. त्यांचा इन्स्पेक्टर नेहमी घरचा डबा खायचा आणि खलनायक हॉटेलातला मटणाचा नान-खलिया. असं का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "वाईट माणसाला भूक चांगली लागते. आपल्याला ॲसिडिटी."

त्यांची अक्षरजुळणी मी करायची. मी किनवटकडची. नववीत शाळा सुटली आणि मावशीच्या ओळखीनं इतक्या लांब येऊन या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला लागले. पहिलं वर्षभर रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज काढून टाकतील. सरांनी माझं पहिलं पान वाचलं. मालकाला म्हणाले, "माझं काम इथून पुढं हीच करणार." मग मालक जेवायला गेल्यावर पान माझ्यापुढं ठेवलं. त्यावर तीस चुकांना लाल खुणा होत्या. चुका त्यांनी मला एकटीला दाखवल्या, एवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. म्हणून तर पुढचं लिहिताना हात जड होतो.

सरांची लिहायची एक रीत होती. "आधी खरं लिहायचं, मग खोटं करायचं," असं म्हणायचे. बातमीदारीत पाहिलेलं ते जसंच्या तसं उतरवायचे. गाव, चपलेचा रंग, दारावरचा नंबर, सगळं. मग त्या प्रकरणाला टाचणीनं एक चिठ्ठी लावायचे. तिच्यावर एका बाजूला खरं, दुसऱ्या बाजूला खोटं. ‘पिशोर – दुसरं कुठलंही गाव.’ ‘डॉक्टर – वकील करा.’ ‘टक्कल – दाट केस.’ मी टाइप करायचं आणि चिठ्ठीप्रमाणं बदलायचं. "बदल नीट कर बेटा. खऱ्या माणसांना तरास नको."

आठ पुस्तकं मी अशी केली. एकही बदल राहिला नाही.

नवव्या पुस्तकात कालव्यातून काढलेल्या एका पोरीचं वर्णन होतं. वय अठरा-एकोणीस. कान फाटून पुन्हा टोचलेला. परकराला नाडा होता तो शाळेच्या लाल रिबिनींची वेणी घालून केलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कान – काढून टाका. रिबिनीचा नाडा – साधा पांढरा.’

कान मी काढला. रिबिनीपाशी हात थांबला. माझी शाळा सुटली तेव्हा माझ्याही रिबिनी आईनं धुऊन, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. ही कुणीतरी दुसरी आई होती, तिला कळलं होतं. ते वाक्य मी चार वेळा वाचलं आणि तसंच ठेवलं. पांढरा नाडा मला टाइप करवला नाही. सर प्रुफं वाचायचे नाहीत. "तू बघितलंस ना? मग झालं." पुस्तक तसंच छापलं गेलं.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी फडक्यात काहीतरी बांधून एक म्हातारी दुकानात आली. फडकं सोडलं, तर आत सरांचं पुस्तक.

"जय भीम. ह्ये तुमी छापलंय का बाई?"

दुसऱ्या पानावर अक्षरजुळणी म्हणून आमच्या दुकानाचा पत्ता असतो, तो विचारत विचारत ती आली होती. पाचोडकडची. मोसंबी निवडायच्या कामाला जायची. काम करताना तिची पुतणी बायकांना मोठ्यानं पुस्तकं वाचून दाखवायची.

"रिबिनीचं कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

मी सरांना फोन केला. ते आले आणि दारातच उभे राहिले. कुणाला सरकवलं नाही.

"दादा, त्यो नाडा म्या वळला व्हता," म्हातारी म्हणाली. "पोरगी शाळंतून काढली, मंग रिबिनी वाया कशाला घालवायच्या म्हनून. दुनियेत तसला दुसरा न्हाई."

सर स्टुलावर बसले.

"लोक म्हनायचे, कुनासंगं तरी सुरतेला गेली. मी बी तेच धरून बसले. जावई आसंल, लेकरं आसतील. पुस्तकात ती मरती. आन् ज्यानं मारलं त्यो घावतो, त्यो पाटकरी, कालव्याचं पानी सोडनारा. त्याला जन्मठेप व्हती. दादा, त्यो कुठल्या जेलात हाय? मला त्याला एकदा बघायचंय."

"मावशी, तो पाटकरी मी बनवलाय."

"बनिवलाय म्हंजी?"

"तसा कुणी नाही. खोटा आहे."

"त्यो खोटा."

"हो."

"आन् पोरगी?"

सरांनी चष्मा काढला. "पोरगी खरी आहे."

म्हातारी रडली नाही. पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं. गाठ दोनदा मारली. मग म्हणाली, "मंग खरा कोन?"

सरांनी तिला सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं म्हणून ते कालव्यावर गेले होते. ओळख पटावी म्हणून चेहऱ्याचा आणि कपड्यांचा फोटो काढला. तो पेपरात द्यायचा होता. त्या दिवशी एका मंत्र्याचा कार्यक्रम होता, पानावर जागा उरली नाही. चार ओळी छापल्या, फोटो राहिला. पेपरवाले उद्या देऊ म्हणाले. उद्या सर विचारायचं विसरले. पोरीला बेवारस म्हणून जाळलं; कुणी मारलं ते सरांनाही कधी कळलं नाही.

"विसरलो," असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. ती गेल्यावर माझ्याकडं वळले. "चिठ्ठीतलं एक राहिलं वाटतं."

"बदलायचं विसरले, सर," मी म्हणाले.

"होतं असं," ते म्हणाले.

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले. सरांना कळलं असावं, असं मला अधूनमधून वाटतं. लेक सुरतेला आहे म्हणून ती म्हातारी सुखानं मोसंबी निवडत होती. तिची लेक मी मारली, असंही वाटतं. मग वाटतं, नाही, मी तिला ती परत दिली. यातलं खरं काय ते कुणाला विचारणार?

त्या दिवसापासून सरांनी कथा लिहिली नाही. बिस्किटांच्या डब्यांत त्यांचे जुने निगेटिव्ह होते, ते आठवडाभर उजेडाला धरून पाहिले. एक सापडला. कडेनं बुरशी आली होती. दुकानातल्या स्कॅनरवर मीच त्याचा सरळ फोटो केला. पंधरा दिवसांनी म्हातारी आली तेव्हा सर म्हणाले, "मावशी, चेहरा नका बघू." तिनं ऐकलं नाही. स्क्रीनला नाक लागेल इतकी पुढं वाकली. "ह्यीच," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठेपनीचा फोटूच नव्हता माज्याकडं. ह्यो ठिवू का?"

मग अर्ज सुरू झाले. तपास पुन्हा करा, एवढंच मागणं. ठाण्यातल्या साहेबांनी सरांची सगळी पुस्तकं वाचलेली होती. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि अर्ज वाचून हसले. "क्या सर, कालव्याचा दुसरा भाग का? पाटकरी सुटला वाटतं जेलमधून!" सर म्हणाले, हे खरं आहे. साहेब म्हणाले, "तुमचं सगळं खरंच वाटतं हो, तीच तर तुमची कमाल." जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय, असं नंतर लेखी कळवलं. पेपरातल्या जुन्या दोस्तानं पाठीवर थाप मारली. पब्लिसिटी झकास आहे म्हणाला.

अर्ज मीच टाइप करायची. ज्यांनी सगळं आयुष्य खऱ्याचं खोटं सफाईनं केलं, त्यांना खरं लिहिणं जमेना. शेजारी बसून एकेक शब्द काढायला लावायचे.

"‘भर दुपारी’ काढ. कथा वाटते."

काढलं.

"‘कोवळी’ काढ."

काढलं.

"‘लाल’ काढू सर?"

ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. "लाल राहू दे."

दर पंधरवड्याला म्हातारी एसटीनं यायची. दोघं ठाण्यातल्या बाकावर जाऊन बसायचे. ती घरून भाकरी आणायची, अर्धी त्यांना द्यायची. सर खाली बघून खायचे. एकदा तिथून परत आले आणि दुकानाच्या पायरीवरच टेकले. "मी पाटकरी बनवला बेटा, तेव्हा हजारो माणसांनी वाचला. एकानंही पुरावा मागितला नाही." मी पाणी आणलं. ते तांब्या हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

गेल्या थंडीत सर गेले. छातीत दुखलं, रिक्षात घालेपर्यंत संपलं. खिशात अर्ज होता, त्यावर सही व्हायची राहिली होती.

एका वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी म्हातारीला निरोप पाठवला होता. ती आली, मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसली. प्रकाशक बोलले, दोन लेखक बोलले. एक जण म्हणाले, "कालव्यातली ती मुलगी आठवा. तो लाल रिबिनीचा नाडा! असं कुणाला सुचेल? काय कल्पनाशक्ती होती या माणसाची!" लोकांनी माना डोलावल्या.

म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनले?"

"चांगलं म्हणाले."

"रिबिनीचं काय म्हनले?"

"त्यांना सुचलं म्हणाले."

"सुचलं?" तिनं हॉलभर नजर फिरवली, मग माझ्याकडं पाहिलं. "मंग सांग की त्यास्नी. तुला ठावं हाय. तूच लिवलं ना?"

तेवढ्यात माइकवरून विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. म्हातारीनं माझ्या पाठीला हात लावला. सगळं माझ्या तोंडाशी होतं, चिठ्ठी, नाडा, मी ठेवलेलं ते वाक्य. समोर शिकलेली माणसं. मी नववीतून बाहेर पडलेली. मी खुर्चीची दांडी धरली. उठले नाही. पाठीवरचा हात तिनं हळूच काढून घेतला.

मग माइकवरून सगळ्यांना दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगितलं. तेव्हा मी उठले. म्हातारी तेवढी बसून राहिली.