सूर्यकांतची बिनकटकटीची आमंत्रणं

अठ्ठ्याण्णव साली सूर्यकांतने यशवंतपूरच्या कारखान्यातली वीस वर्षांची नोकरी सोडली, ती म्हणे आयुष्य सोपं करायला. नवऱ्याला सोपं आयुष्य हवंसं झालं की बाईने पदर खोचावा. जे. पी. नगरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि ताटं जमिनीवर गेली.

धंदा असा, की इथे कानडी मुलखात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या लग्नांची आमंत्रणं ई-मेलने धाडायची. छपाई नको, उन्हातान्हात वणवण नको.

"एक बटण दाबलं की तीनशे घरं," तो प्रेमाला, बायकोला, म्हणाला.

"त्यातल्या किती घरांत कॉम्प्युटर आहे?"

"पोरांच्या ऑफिसात असतो की. ती छापून घरी नेतील."

प्रेमाने सहा महिने दिले. नाही जमलं तर शिवाजीनगरात तिच्या भावाच्या दुकानात बसायचं. मेव्हण्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा सूर्यकांतने संन्यास घेतला असता.

सहाव्या महिन्यात एकुलतं एक गिऱ्हाईक आलं. खंडोजीच्या मुलीचं, अक्षराचं, लग्न. बटण दाबलं. लग्न आठ दिवसांवर आलं, तरी कुणी येतो म्हणेना. खंडोजी दारात उभा.

"अण्णा, माझी सख्खी सोयराआत्या म्हणते, मला बोलावणंच नाही."

"नातवाने कागद नेऊन दिलाय तिला."

"कागद मिळाला. अक्षता कुठायत?"

तीनशे वर्षं या गावात राहून आपली माणसं निम्मं मराठी विसरली. पण कुंकवाच्या अक्षता हातावर पडल्याशिवाय लग्नाला पाऊल उचलत नाहीत. हे सूर्यकांतला ठाऊक नव्हतं थोडंच? पण शिकलेल्या माणसाला ठाऊक असलेलंच आधी सुचत नाही.

प्रेमाने तांदूळ रंगवून डब्यात भरले. मग सूर्यकांतची आठ दिवस स्कूटर, दारोदार कॉफी. सोयराआत्यांनी तर तासभर बसवून घेतलं.

"खंडोजीला सवड नाही, म्हणून तू होय?"

"हो, आत्या."

"मग पाया पडायला स्वल्प वाक. बोलावणं त्याचं, गुडघे तुझे."

मंडप भरला. आठवड्यात मस्कतहून हयवदन नावाच्या आपल्यातल्याच एकाचा मेल आला: आमच्या वतीने अक्षता द्याल का, दोनशे घरं आहेत. मागोमाग आणखी दोन आले. मेव्हण्याचं दुकान टळलं.

"बघ किती सोपं," सूर्यकांत गुडघ्याला तेल चोळत म्हणाला. "त्यांनी नुसता मेल करायचा."

"सरी, बरं तर," प्रेमा म्हणाली आणि पुढचे चार किलो तांदूळ निवडायला बसली.