हळदीच्या डीव्हीडीखालची अक्षरं

माझी माय बहिरी आहे. जन्मापासून नाही. मी प्राथमिक शाळेत आणि भाऊ अंगणवाडीत असताना तिला टीबी झाला. इंजेक्शनं चालली, टीबी बरा झाला आणि कान गेले. तेव्हापासून ती माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखते. नव्या माणसासमोर तिची गडबड होते, पण माझे आणि भावाचे ओठ ती असे वाचायची, की तिच्यापुढे पुटपुटून शिवी द्यायचीसुद्धा सोय नव्हती.

मी लग्न होऊन चंद्रपूरला आले. भाऊ गावीच राहिला, चामोर्शीच्या अलीकडे. दवाखाना, बाजार, रेशन, बस, जिथं तिथं तोच तिचे कान. त्याचं लग्न झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पहाटे मोहफुलं वेचायला गेला तेव्हा वाघानं त्याला नेलं. यापुढं मी काही लिहिणार नाही. लोक विचारतात ना, कसं झालं, कुठून धरलं, काय सापडलं. चाय पिता पिता विचारतात. अरे बाप्पा, तुमच्या घरचा असता तर असं विचारलं असतं काय?

त्याच्या हळदीची एक डीव्हीडी आहे. फोटोग्राफर फक्त लग्नाच्या दिवशी आला होता. हळद आमच्या चुलतभावानं मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं काढली. अर्धी हललेली, कुठे नुसते पाय, कुठे मांडवावरच्या डहाळ्या. तो गेल्यावर माय ती रोज लावायची. सून माहेरी निघून गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी मात्र ती कधी पाहिली नव्हती, माझी हिंमतच होत नव्हती.

दिवाळीला गेले तर मायनं मला टीव्हीपुढं बसवलं आणि रिमोट दाबून एका जागी थांबवलं. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून कॅमेऱ्याकडे बघत बोलतो आहे, आणि बोलता बोलता हातानं नाकावरची हळद पुसतो. अर्धं तोंड झाकलं जातं.

"सुरुवातीले माय म्हणला, आखरीले जंगल म्हणला," ती म्हणाली. "मंधातलं मले दिसत नाई. माह्याबद्दल काय म्हणून राह्यला तो?"

तिनं सगळ्यांना विचारून झालं होतं. चुलतभाऊ म्हणाला, जेवणाचं बोलत होता. सून म्हणाली, मायले रडू देऊ नका म्हणाला. शेजारीण म्हणाली, माय नाचली पाहिजे म्हणाला.

"तू कंप्युटरवर लिवते ना? सिनेमात खाली अक्षरं येते तसं लिवून दे मले. मंग कोणाच्या तोंडाकडं पाहा नाई लागत."

मायला वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर लावत.

मी चंद्रपुरात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासी दाखले. मालकाची परवानगी घेतली आणि दुपारी डबा खायच्या वेळात हे काम चालू केलं. कानात हेडफोन, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं, ते कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते बसवायचं. पहिल्यांदा डीव्हीडी काढली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. दुसऱ्यांदा अक्षरं आली, पण वेलांट्या भलतीकडे. डोक्याला नुसता ताप!

त्यात हाताला सवय सरकारी मराठीची. भाऊ म्हणतो 'मले पानी दे', मी खाली लिहिते 'मला पाणी द्या'. बरंच लिहून झाल्यावर लक्षात आलं, की माय वर त्याचे ओठ बघणार आणि खाली माझी अक्षरं. जुळलं नाही तर तिचा कशावरच विश्वास बसायचा नाही. सगळं पुसलं आणि जसं तो बोलला तसं लिहिलं. तिचं वाचून व्हावं म्हणून चित्रही संथ केलं. भाऊ मायच्या पाया पडायला वाकतो ते आता संपतच नाही. तिथं मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ढसाढसा रडले.

मग ती जागा आली. आवाज स्वच्छ होता.

"माय बहिरी नसती ना भाऊ, तं मी कधीचाच हैदराबादले गेलो असतो. मले काय हौस हाय या जंगलात राहाची!"

आणि हसला. चुलतभावाची थट्टा करत, हळदीच्या भरात, हसत म्हणाला. आमच्या घरात सगळे असंच बोलतात. पण माय टीव्हीवरचं हसू वाचेल, की खालची अक्षरं? आणि आता तो नसताना?

मी चुलतभावाला फोन लावला. "तुले माहीत होतं ना?"

"होतं. मंग काय सांगू तिले? जेवणाचंच लिवून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तो मेला म्हणून त्याच्या तोंडात काहीही घालू काय?" मी म्हटलं आणि फोन आपटला. खोटं लिहवेना, खरं लिहवेना. शेवटी त्या वाक्याखाली काहीच लिहिलं नाही आणि डीव्हीडी घेऊन गावी गेले.

माय टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसली. वाचता वाचता खुलली. कोणी तरी मागून तिच्या पुरणपोळीला नावं ठेवली होती, ते वाचून "मेला खोटारडा!" म्हणाली. किती दिवसांनी तिला असं हसताना पाहत होते. मग खांब आला, भाऊ बोलला, हसला, पुढं गेला. मायनं मागं घेतलं. पुन्हा पाहिलं.

"इथी काऊन काई नाई लिवलं?"

"आवाज..." मी सुरू केलं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगलं काई असतं तं साऱ्याइनं एकच सांगतलं असतं," ती म्हणाली. "अन् तू तं लिवलंच नाई. सांग आता. तोंड इकडं कर."

मी तिच्यासमोर बसले. त्याचं वाक्य मी माझ्या तोंडानं, सावकाश, एकेक शब्द बोलले. तो हसत म्हणाला होता ते तिला कळावं म्हणून मीही हसून बोलायला गेले.

"हासू नको," माय म्हणाली. "हासलं का ओठ नीट दिसत नाई. आनखी एकडाव बोल."

मी पुन्हा बोलले. न हसता.