उघडी ठेवलेली तार

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या मॉलमध्ये बिलाच्या रांगेत होतो. “भावजी, हे उठत नाहीयेत,” एवढंच त्या म्हणाल्या. मी घरी पोहोचेपर्यंत दादा गेला होता.

माझा हा थोरला भाऊ तळोज्याच्या कारखान्यात साचे बनवायचा. निवृत्तीनंतर त्याला अल्वाकेरियाचं वेड लागलं. आपल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला, डायनासोरांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला हा लहानसा प्राणी. हाती लागलं काय, तर जबड्याचा तुकडा, काही मणके, मांडीचं नि घोट्याचं हाड. त्यातही जबडा दुसऱ्याच कुणाचा असावा अशी तज्ज्ञांना शंका. मांडी आणि घोटा तेवढे नक्की डायनासोरचे. सोसायटीच्या गणपतीसाठी दादानं त्याचा सांगाडा केला. सापडलेली हाडं प्लास्टरची, बाकी सगळी उघडी तार.

सजावट माझ्याकडे होती. कमिटीतली पोरं म्हणाली, “काका, हा तर कपडे वाळत घालायचा स्टँड!” मला लाज वाटली... दादा गावी गेलेला असताना मी तारेवर कागदाचा लगदा थापला, वर हिरवा रंग, डोळ्यांत लाल दिवे. आरतीला आलेल्या दादानं तो सगळ्या बाजूंनी पाहिला. “छान. पण हा कोण? ओळख तरी करून दे.” सगळे हसले, मीही हसलो. नंतर त्यानं विषय काढला नाही आणि माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही.

यंदा तोच हिरवा प्राणी दादाची आठवण म्हणून मांडायचं ठरलं, खाली दादाच्या नावाची पाटी. माझ्या थापेखाली त्याचं नाव... मग मात्र राहवेना. वहिनींना सगळं सांगितलं.

“मला काय नवीन सांगताय? हे म्हणायचे, धाकटा तेव्हापासून आरतीला माझ्या शेजारी उभाच राहत नाही. चला, बादली भरा.”

गच्चीवर बसून आम्ही लगदा भिजवला, सोलला. तार मोकळी होत गेली. कमिटीतला एक जण डोकावला, “काकी, अर्धवटच ठेवणार?”

“उरलेलं सापडू दे की. घाई काय आहे?”

मांडीच्या हाडावरचा रंग निघाला, तेव्हा प्लास्टरमध्ये रुतलेला अंगठ्याचा ठसा दिसला. ओलं असताना दाबलेला. वहिनींनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तो खूपच लहान पडला.

“हे मात्र नक्की ह्यांचंच,” त्या म्हणाल्या.