बिनतारखेचा राजीनामा

“तुमच्या हातानं होईल, मॅडम. आमच्या घरच्या बायकाइले जमत नाही,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी ओलं पोतं माझ्या पायाशी टाकलं. पोत्यातून दोन मरळ मासोळ्या बाहेर पडल्या. एक अजून तोंड उघडत होती.

माझ्या हातात फाइल होती. फाइलीत बायोडाटा, विज्ञान शिकवण्याची सतरा वर्षं, दहावीचे निकाल. विभागीय शिक्षण मंडळावर शिक्षक सदस्य म्हणून माझं नाव जाणार होतं, म्हणून मी भंडाऱ्याला त्यांच्या बंगल्यावर आले होते. भाऊसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष, पिढीजात कापडवाले. बपेऱ्याकडच्या एका गावातली आमची शाळा त्यांचीच. फोनवर “कागद घेऊन या” एवढंच बोलले होते.

मी ढिवराची मुलगी. बाप तलावात जाळं टाकायचा, आई सिहोऱ्याच्या बाजारात मासोळी विकायची. पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी मी पावशीवर, म्हणजे विळीवर बसून मासोळी कापायला शिकले. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण त्या दिवशी मी शिक्षिका म्हणून गेले होते. हे भाऊसाहेबांना चांगलं ठाऊक होतं.

आणि मी काय केलं? फाइल ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि मागच्या अंगणात पावशीवर बसले. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मला ती खुर्ची हवी होती. आमच्या शाळेला दहावीचं केंद्र नाही. पोरींना दुसऱ्या गावी जाऊन पेपर द्यावा लागतो. गेल्या वर्षी गणिताच्या दिवशी एसटी आलीच नाही. माझी शेवंता धावत गेली, अर्धा पेपर झाल्यावर पोचली. दारातून परत. बापानं शाळा बंद केली. आता ती दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करते. केंद्र द्यायचं की नाही, हे मंडळ ठरवतं. तिथं जाऊन एकदा तोंड उघडायचं होतं मला. बस, एवढंच.

मंडळावर माणूस कसा जातो? मला वाटायचं, शासन नेमतं म्हणजे कुणीतरी कागद वाचत असेल, काम बघत असेल. दिवाणखान्याची खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. आत वरून, मंत्रालयातून आलेला एक माणूस सदस्यांची यादी घेऊन बसला होता.

“मुख्याध्यापकाच्या जागी आमचे जावई लिहा. संस्थाचालकात मी आहोच. शिक्षकात ह्या मॅडम टाका. बाई झाली, जातही झाली. कोणी ओरडणार नाही.”

“बैठकीत बोलल्या तर?”

“कायची बोलते! मागं मासोळी साफ करून राहिली ते.”

दोघंही हसले. पावशीचं पातं माझ्या अंगठ्यात शिरलं. मरळीचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं, कळेना.

तेवढ्यात मला आत बोलावलं. टेबलावर यादी आणि शेजारी एक टाइप केलेला कागद. ‘वैयक्तिक कारणास्तव मी मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.’ खाली माझं नाव. तारखेची जागा कोरी.

हा कागद मी ओळखला. आमच्या संस्थेत नोकरीला लागताना प्रत्येक जण असाच एक लिहून देतो. नोकरीचा राजीनामा, बिनतारखेचा. तो भाऊसाहेबांच्या कपाटात राहतो. माझाही होता. त्याच्या भीतीनं सतरा वर्षं मी मान खाली घालून जगले.

“मंडळावर जायच्या आधीच राजीनामा?” मी विचारलं.

“पद्धत आहे, मॅडम. सही करा. तारीख आम्ही टाकू.”

“अन् मी केंद्राचा विषय काढला तर?”

“तर तारीख पडंल.”

“मी सही करत नाही.”

ते उठले. माझं मनगट पिरगाळलं. कापलेल्या अंगठ्यात पेन कोंबला. कळ खांद्यापर्यंत गेली.

“ढिवराची पोट्टी! तुले खुर्चीवर बसवून राहिलो, तं मलेच नाही म्हणते? कर सही!”

मी हात ओढला. त्यांनी कानाखाली वाजवली. डोळ्यांपुढं अंधार आला. वरून आलेल्या माणसानं काय केलं? रक्ताचा डाग पडू नये म्हणून यादी उचलून बाजूला धरली.

मग मी मारलं. पहिली कशी बसली ते मलाही कळलं नाही. चष्मा उडाला. दुसरी मात्र शुद्धीत मारली, सतरा वर्षांचा जोर लावून. त्यांच्या गालावर माझं रक्त आणि मरळीचे खवले चिकटले. राजीनामा फाडला. त्या माणसाच्या हातातली यादी हिसकावली आणि सगळ्या सन्माननीय सदस्यांवर दोन्ही हात पुसले.

“उद्याच तारीख पडते, पाह्य तू!” भाऊसाहेब फाटकापर्यंत ओरडत आले.

पडली. दुसऱ्या दिवशी शिपायानं मला शाळेच्या दारात अडवलं. सतरा वर्षांपूर्वीचा पिवळा कागद, त्यावर ताज्या शाईची तारीख. मी शाळा न्यायाधिकरणात गेले आहे. यादी नव्यानं टाइप झाली. शिक्षकाच्या जागी भाऊसाहेबांची सून बसली. ती आमच्या शाळेत शिक्षकांच्या हजेरीपटावर आहे, वर्गात तिला कुणी पाहिलं नाही.

मी रडत घरी बसले होते, तेव्हा आई म्हणाली, “रडून का होते? माह्याजवळ दोन पावश्या आहेत.”

मंडळाच्या पहिल्या बैठकीला त्या दोन्ही पावश्या मंडळाच्या दारात असतील. एकीवर मी, एकीवर आई. गावच्या बाया येणार आहेत, शेवंताही येणार आहे. पोतं भरून मासोळी नेणार. आत जाणाऱ्या प्रत्येक सदस्याला खवल्यांवर पाय देऊनच जावं लागेल. केंद्राचा विषय घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही. कुणी उठवायला आला, तर माझा हात आता मोकळा आहे.

माझ्या हातानं होईल म्हणाले होते ना भाऊसाहेब? होईल. त्यांच्या सुनेसमोर होईल.