शिडावरचा इंग्रजी सिनेमा
शहरातल्या बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर घोडेस्वारांचा जुना अमेरिकन सिनेमा लागला की माझं डोकं अजून फिरतं. माझ्या लहानपणी उत्तनला चर्चच्या आवारात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, होडीचं शीड ताणून त्यावर असले सिनेमे दाखवायचे. इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून माझी थोरली बहीण पडद्याशेजारी माईक घेऊन उभी राहून गोष्ट सांगायची. इंग्रजी तिलाही येत नव्हतं, ती नुसते चेहरे बघून बोलायची. "ह्यो टोपीवाला लबाड हाय गो, त्याला दार उघडू नको!" असं ती नायिकेलाच बजावायची आणि अख्खा कोळीवाडा हसून लोळायचा. एकदा भर सिनेमात गावचा पाटील तिच्यावर खेकसला, "पोरीची जात, किती बोंबलतेस? तुझा भाव इंग्रजी शिकलेला हाय, तो सांगंल!" माईक माझ्या हातात आला. नको म्हणता आलं असतं, पण मी ऐटीत उभा राहिलो. ती घरी गेली. मी एकेक वाक्य बरोबर सांगत होतो आणि लोक जांभया देत होते. मागून एक म्हातारी ओरडली, "मेल्या, बहिणीला बोलव तुझ्या!" मी बोलावलं नाही. त्यानंतर तिने कधीच गोष्ट सांगितली नाही. परवा त्याच आवारात गावाला इंग्रजी सिनेमा समजावणारा माणूस म्हणून माझा सत्कार झाला. खोटं आहे ते. समजावला तिने. पाटलाचा राग येतो, त्याहून माझा येतो, आणि सगळ्यात जास्त तिचा, कारण पहिल्या रांगेत बसून ती माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती.